तत्त्वचिंतनात्मक कादंबरी वाचून समाजाकडे बघण्याची नजर खरंच बदलते का?

तुम्ही विचारलंय की तत्त्वज्ञानाचा ग्रंथ वाचून जे होत नाही ते कादंबरी वाचून कसं होतं, आणि खरंच होतं की वाचणाऱ्याला नुसतं तसं वाटतं.

होतं, पण क्वचित. शिवाय कादंबरीतले विचार पटले म्हणून होतं, हे मला फारसं खरं वाटत नाही. पटलेले विचार माणूस महिन्याभरात विसरतो. चांगली कादंबरी आपल्याला एखाद्या माणसाचा निवाडा करायला लावते आणि मग तो निवाडा आपण कशाच्या जोरावर केला, हे समोर मांडते. हा अनुभव सहजी पुसला जात नाही.

आल्बेर कामूची 'द आउटसायडर' घ्या. मूळ फ्रेंच कादंबरी १९४२ची, फ्रेंच अंमलाखालच्या अल्जेरियात घडणारी. मर्सो नावाच्या कारकुनाची आई वृद्धाश्रमात वारते. तो जातो, शवपेटीजवळ रात्र काढतो, पण आईचं तोंड बघायला नको म्हणतो. पहारेकऱ्याने दिलेली दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो, रडत नाही. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पोहायला जातो, मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. पुढे समुद्रकिनारी, भर उन्हात, तो एका अरब माणसाला गोळ्या घालतो. आधी एक, मग थोडं थांबून आणखी चार.

पहिला भाग इथे संपतो आणि कामूची खरी करामत दुसऱ्या भागात सुरू होते. तेच सगळे तपशील कोर्टात पुन्हा येतात, आता पुरावा म्हणून. कॉफी, सिगारेट, सिनेमा. वृद्धाश्रमाचा पहारेकरी साक्षीला येतो. मर्सोचा वकील वैतागून विचारतो की आरोप आईला पुरल्याचा आहे की माणूस मारल्याचा? सरकारी वकिलाला हा फरक मान्यच नाही. फाशी नव्हे, गिलोटीनची, म्हणजे यंत्राच्या पात्याने शिरच्छेदाची शिक्षा होते. ती खुनाला मिळाली की न रडण्याला, हे नक्की सांगता येत नाही. आईच्या अंत्यविधीला न रडणाऱ्या माणसाला आपल्या समाजात मृत्युदंडाचा धोका असतो, अशा अर्थाचं कामूने नंतर एका प्रस्तावनेत लिहिलंही.

आता वाचकाचं काय होतं बघा. पहिला भाग वाचताना त्याचंही मत बनलेलं असतं की हा माणूस थंड आहे, विचित्र आहे. म्हणजे ज्यूरीत तोही बसलेला आहे. मर्सो खुनी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कृत्य सिद्ध करणं आणि 'हा तसलाच माणूस आहे' हे सिद्ध करणं या दोन गोष्टी किती सहज एकमेकींत मिसळतात, ते इथे स्वतःच्या मनात घडताना दिसतं. माझ्यापुरतं सांगायचं तर 'आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता' असं वाक्य बातमीत आलं की तेव्हापासून मी अडखळतो. चेहऱ्याने काय शाबीत होतं? नवरा गेल्यावर बायको 'पुरेशी' रडली नाही, ही कुजबुजही त्याच जातीची.

इथवर कामूचं कौतुक झालं. पण मारला गेलेला माणूस पूर्ण पुस्तकात फक्त 'अरब' आहे. त्याला नाव नाही. खटला त्याच्या खुनाचा, पण त्याच्याविषयी कोर्टाला काही जाणून घ्यायचं नाही, आणि बहुतेक वाचकांनाही ते खटकत नाही. २०१३ साली अल्जेरियाच्या कामेल दाऊदने उत्तरादाखल कादंबरी लिहिली. त्यात मृताचा भाऊ बोलतो आणि मृताला नाव मिळतं, मूसा. हे वाचल्यावर कळतं की समाजाचा आंधळेपणा दाखवणाऱ्या पुस्तकालाही स्वतःचा आंधळा कोपरा असतो. माझ्या मते नजर बदलण्याचा मोठा टप्पा हा दुसरा आहे. पहिल्यात आपण समाजावर संशय घेतो, दुसऱ्यात आपल्याला आवडलेल्या पुस्तकावर.

नजर बदलण्याऐवजी ती गोठवणाऱ्याही कादंबऱ्या असतात. ओळखायची खूण अशी: लेखकाला न पटणारी बाजू कोण मांडतं? मूर्ख किंवा खलनायकच मांडत असेल, तर ते भाषण आहे. रशियन कादंबरीकार दोस्तोएव्हस्की स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता, तरी 'ब्रदर्स करामाझोव्ह'मध्ये (१८८०) देवाच्या जगाविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद त्याने करामाझोव्ह भावांपैकी इव्हानला दिला: निरपराध लेकरांच्या यातनांवर उभी राहणारी सुसंगती मला नको, तिच्यात शिरायचं तिकीट परत घ्या. पुस्तक संपलं तरी इव्हान पुरता हरलाय असं वाटत नाही. मला तरी वाटलं नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'आउटसायडर' घ्या, छोटी आहे, दोन बैठकींत होते. लगेच दाऊद वाचा, मध्ये समीक्षा वाचू नका. करामाझोव्ह जाडजूड आहे, त्याला सवड काढा. नाहीच जमलं तर निदान इव्हान आणि त्याचा भाऊ अल्योशा खाणावळीत बोलत बसतात ती सलग प्रकरणं वाचा.