आत काय, बाहेर काय

प्रिय पोरी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. अकरा महिन्यांची पायपीट, चार हजारांहून जास्त फोटो, आणि आता सगळं एकसारखंच दिसायला लागलंय, असं तू लिहिलंस. फुटक्या काचा, गंजलेली शिडी, कबुतरं, भिंतीतून उगवलेलं झाड. मग विचारलंस, वास्तुशास्त्राला जाऊ, इतिहास घेऊ, की हा नाद सोडून देऊ? उत्तर लिहायला बसलो आणि पहिली दोन पानं फाडून टाकली, कारण त्यांत मी तुला धीर देत होतो. जी मुलगी उन्हातान्हात बंद कारखान्यांच्या भिंतीकडेने वर्षभर चालते, तिला धीर कसला द्यायचा?

तुझं दुखणं वेगळं आहे. तू चाललीस भरपूर, विचारलं काहीच नाहीस.

पाठवलेले साठ फोटो मी नीट बघितले. प्रत्येकात इमारत मधोमध उभी आहे, लग्नाचा फोटो काढायला उभं राहावं तशी. एकातही जमीन दिसत नाही. जोत्यापासून वर सगळं आहे, जोत्याखालचं काही नाही. आणि कारखान्याची निम्मी गोष्ट जोत्याखाली असते.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती या पत्रात पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस. कारखाना म्हणजे इमारत नव्हे. एका बाजूने काहीतरी आत येतं, आत त्याचं काहीतरी होतं, दुसऱ्या बाजूने काहीतरी बाहेर पडतं, आणि या येण्याजाण्याला आडोसा म्हणून भिंती बांधलेल्या असतात. आधी वाहणं, मग भिंत. म्हणून कुठल्याही जागेसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न हा: आत काय येत होतं, बाहेर काय जात होतं? कोळसा, पाणी, कापूस, वीज, वाफ, राख, घाण, माणसं. उत्तराचं एखादं टोक हाती लागेपर्यंत कॅमेरा पिशवीत राहू दे.

तुझाच फोटो घे. गोल वळलेली विटांची भिंत, खाली तू लिहिलंस ‘सुंदर वळण’. अगं, कारखान्याचा मालक विटांवर असा खर्च हौसेने करत नाही. मालगाडीचा डबा काटकोनात वळत नाही, म्हणून भिंत वळली असणार. आत रूळ येत होते. परत जा आणि रस्त्याच्या डांबरात रुळाची रेघ शोध. रूळ उखडले असतील तर फाटक बघ, ते रस्त्याला तिरकं बसवलेलं सापडेल. माझी जवळजवळ खात्री आहे, पण तू माझ्या खात्रीवर विसंबू नकोस, पायांनी जाऊन पाहा.

सूतगिरण्यांचंही तेच. मुंबईची असो की मँचेस्टरची, जुनी गिरणी लांबट, अरुंद आणि अनेक मजली का? कारण अख्ख्या गिरणीला एकच इंजिन असे. त्याची ताकद जाड दोरांनी प्रत्येक मजल्यावरच्या शाफ्टपर्यंत, म्हणजे फिरणाऱ्या लांब दांड्यापर्यंत, आणि तिथून पट्ट्यांनी साच्यांपर्यंत पोचवावी लागे. त्या शाफ्टच्या भोवती मजले रचले गेले. इंजिनघर आणि मजले यांच्यामधला तो उभा चिंचोळा भाग बाहेरून ओळखता येतो, दोर तिथून वर जात. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली, शाफ्टची सक्ती संपली आणि कारखाने जमिनीवर ऐसपैस पसरले. म्हणजे नुसत्या आकारावरून तुला कळतं की आत वाफ येत होती की वीज. विणकामाच्या खात्यावर करवतीच्या दातांसारखं छप्पर दिसतं ना, त्याच्या उभ्या बाजूला काच असते आणि उत्तर गोलार्धात ती काच उत्तरेकडे तोंड करून असते. थेट ऊन नको, दिवसभर सारखा उजेड हवा, म्हणजे तुटलेला धागा दिसतो. उजेडही आतच येत असतो, पोरी. तोही यादीत धर.

इंग्लंडमध्ये श्रूजबरीला 1797 साली चार्ल्स बेजने जवसाच्या धाग्याची गिरणी बांधली, ओतीव लोखंडाचे खांब आणि ओतीव लोखंडाच्याच तुळया. लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत म्हणून तिच्याकडे बोट दाखवतात, आणि पुढे आलेल्या गगनचुंबी इमारतींची ती आजी आहे हेही खरं. पण बेजला उंची गाठायची नव्हती. लाकडी तक्तपोशीत मुरलेलं तेल, हवेत तरंगणारे तंतू, दिव्यांच्या ज्योती, यामुळे गिरण्या भडाभडा जळत होत्या. आगीला आत वाट मिळू नये म्हणून लोखंड आणि वीट. तिथेही उत्तर आत काय येतं यातच आहे.

आता माझं सांगतो, म्हणजे मी एवढा का ओरडतोय ते कळेल.

मी एका जुन्या वीजघरात ड्राफ्ट्समन होतो. ते बंद झालं तेव्हा नकाशांची खोली रिकामी करायला ट्रक आला. ओळखीच्या माणसाने सांगितलं, अर्धा तास आहे, हवं ते उचल. मी उचलले ते दर्शनी बाजूचे नकाशे. कापडावर शाईने काढलेल्या कमानी, खिडक्यांच्या नक्षी, सावल्यासुद्धा रंगवलेल्या. फार देखणे होते. शेजारीच पाइपांचे आणि जमिनीखालच्या पाण्याच्या मार्गांचे नकाशे होते, तेलाने काळे झालेले, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पेन्सिलीने खाडाखोड केलेले. ते मी ट्रकमध्येच राहू दिले. हात काळे होतील म्हणून नाही, त्यांत बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही म्हणून.

दर्शनी बाजूचे ते नकाशे आज माझ्या भिंतीवर आहेत आणि त्यांचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. ती बाजू फोटोंतही होती. पण नदीतून थंड पाणी आत येऊन वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधून गरम होऊन कुठून बाहेर पडत होतं, तो बोगदा कुठल्या रस्त्याखालून जातो, कुठे त्याची दिशा बदलली, ती पेन्सिलीची खाडाखोड कुणी आणि का केली, हे आता कुणालाच सांगता येत नाही. पाडकाम चालू असताना गुडघ्याएवढ्या उंचीवर विटांनी बुजवलेली एक कमान मला दिसली. तिच्यासमोरून मी बावीस वर्षं हजेरी लावायला जात होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, इथून काय जात होतं? विचारायला समोर कुणी नव्हतं.

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसलाय. मी तो तुझ्या मानगुटीवर बसवतोय, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

नंतर एका जतन समितीवर होतो. तिथे एका इमारतीचा दर्शनी भाग ठेवून मागचं सगळं पाडायचा ठराव आला. मी म्हटलं, बॉयलरघर ते धुराडं हा राखेच्या खड्ड्यासकट सलग तुकडा ठेवा, हवं तर पुढची नक्षीदार भिंत पाडा. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी राजीनामा दिला. लोक म्हणाले, आत राहिला असतास तर थोडंफार तरी वाचलं असतं. कदाचित वाचलं असतं. पण नक्षी वाचवून आतडी फेकून देणाऱ्या ठरावावर माझी सही आज नाही, आणि मला अजूनही वाटतं की ती नसणंच बरोबर आहे.

हे नीट झालेलंही बघायला मिळतं, म्हणून सांगतो. जर्मनीतल्या एसेनची झोलफराइन ही कोळशाची खाण 1986 साली बंद झाली. तिच्या बाराव्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरीवरचा, मनोरा सगळेच टिपतात. पण तिथे कोळसा धुण्याचा कारखाना जागेवर आहे. कोळसा सर्वांत वरच्या मजल्यावर न्यायचा आणि निवडत, धुवत मजल्यामजल्याने खाली उतरवायचा. आज आत संग्रहालय आहे आणि पाहणारासुद्धा आधी वर चढतो, मग खाली येतो. लंडनचं बँकसाइड वीजघर आता कलादालन आहे. टर्बाइनच्या त्या उंच दालनात सगळे माना वर करून उभे असतात. पण ते वीजघर तेलावर चालायचं. जमिनीखालच्या तेलाच्या प्रचंड गोल टाक्या 2012 मध्ये पहिल्यांदा लोकांना खुल्या झाल्या. कधी जाशील तेव्हा आधी टाक्यांत उतर, मग दालनात जा, मग बाहेर येऊन नदीकडे तोंड करून उभी राहा.

आणि चालतच का, हेही विचारलंस. सायकलने जास्त अंतर होईल म्हणतेस. होईल. पण चढ-उतार तुझ्या पोटऱ्यांना कळणार नाहीत आणि पाणी चढ-उतारावरच चालतं. सांडपाणी जिथपर्यंत उताराने जातं तिथपर्यंत फुकट जातं, उतार संपला की पंपिंग स्टेशन लागतं. लंडनमध्ये 1858 च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं, त्यानंतर जोसेफ बॅझलजेटने नदीला समांतर भुयारी गटारं घातली, आणि 1865 मध्ये क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन सुरू झालं. आतलं रंगीत ओतकाम डोळे दिपवणारं आहे आणि लोक तेच बघतात. काम काय होतं? उताराने आलेली घाण वर उचलून हौदात साठवायची आणि ओहोटी लागली की नदीत सोडायची. आत काय, बाहेर काय, आणि कोणत्या वेळी. तुझ्या शहरातही मॅनहोलच्या झाकणांची रांग धरून उताराने चाल. कोरड्या दिवसात पहाटे झाकणाजवळ थांबलीस तर खालचं पाणी ऐकू येतं. रस्त्याकडेचा उगाच उभा वाटणारा उंच लोखंडी पाइप दिसला तर तो गटाराला श्वास घ्यायला दिलेला असण्याची शक्यता मोठी. पाण्याची टाकी दिसली की उंची अजमाव, दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाएवढा दाब, आणि मग बघ की तिच्या दाबावर कुठपर्यंतची घरं जगतात.

शिवाय माणसंही आत-बाहेर जात होती, आणि चालत जात होती. जुन्या कारखान्यांभोवती कामगारांची वस्ती जिथपर्यंत पसरलेली दिसते ते अंतर पायांनी मोजलेलं असतं. भोंगा झाल्यावर निघून फाटक बंद व्हायच्या आत पोचता येईल एवढं. मग तू ते सायकलवरून कसं मोजणार? फाटकाची रुंदी बघ, पायरीची झीज बघ. मालकाचं दार आणि पाळीवाल्यांचं दार यांत अंतर किती ते पावलांनी मोज.

कुंपण ओलांडून आत शिरण्याबद्दल लिहिलंस. नको. वाद घालू नकोस. कुजलेली तक्तपोशी वरून धडधाकट दिसते, जुन्या आच्छादनांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आणि बंद गटारातला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो, म्हणजे वास गेला म्हणून निर्धास्त होणारा माणूस तिथेच पडतो. परवानगी माग. नाही मिळाली तर बाहेरून तीन बाजू फिर. मागची बाजू सर्वांत बोलकी असते, कारण ती कुणी सजवत नाही.

‘जागा बंद पडली की मगच मला ती दिसायला लागते’ हे तुझं वाक्य मला लागलं. प्रामाणिक आहेस. पण चालू पंपिंग स्टेशन, चालू सबस्टेशन, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र यांच्यासमोर तू किती वेळा थांबलीस? तिथे आवाज असतो, वास असतो, पहारेकरी हटकतो, फोटोत काही येत नाही. आणि तिथेच तो माणूस अजून कामावर आहे ज्याला सगळे व्हॉल्व्ह माहीत आहेत. त्याला विचार. आज विचार, निवृत्तीच्या समारंभाची वाट बघू नकोस.

प्रवेशाचं म्हणशील तर कुठेही घे. जिथे तुला सर्व्हे आणि नकाशा काढायला शिकवतील तिथे घे. बाकी गोष्टींनी फारसा फरक पडत नाही.

तुझ्या पत्रात शेवटी हळूच विचारलंय, एवढं चालून मी पुस्तक का केलं नाही. चाळीस वह्या आहेत, बरोबर. प्रत्येक वेळी वाटलं, या नाल्याचं खालचं टोक अजून सापडलं नाही, ते सापडलं की बसू. घरच्यांनीही हेच ऐकवलंय. मला अर्धवट छापायचं नव्हतं. आळस म्हणायचा असेल तर म्हण, पण ज्या पाण्याचा उगम लिहिला आणि शेवट लिहिला नाही त्याचं पुस्तक माझ्याच्याने झालं नसतं. तू मात्र अर्धवट असलं तरी लिही. हे मी स्वतःच्या विरोधात सांगतोय हे मला कळतंय.

एक कर. चार हजारांतले तीसच फोटो काढून ठेव. प्रत्येकाच्या मागे दोन ओळी: आत काय, बाहेर काय. जिथे लिहिता येणार नाही तिथे परत जायचं.

तुझा,
काका

ता. क. त्या वळलेल्या भिंतीचा फोटो पुन्हा काढून पाठव. या वेळी जमिनीसकट, आणि भिंत जिथे संपते तिथून पुढची पन्नास पावलंही.