घरी कन्नड, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी: मूल उशिरा बोलतंय, एक भाषा बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तुम्ही आणि आजी त्याच्याशी कन्नड बोलता, वडील मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. तो अजून दोन-दोन शब्दच जोडतो, आणि शाळेनं सांगितलंय की घरातली कन्नड बंद करा.

नको ताई, कन्नड बंद करू नका. पण "दोन भाषा आहेत, येईल हळूहळू" म्हणून वाटही बघू नका. या वयात गाडी दोन शब्दांवर अडली असेल तर तपासणी आताच करून घ्या.

मी कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. कागल, गडहिंग्लज, निपाणीकडची पुष्कळ मुलं माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. काही मुलांना ऐकू नीट येतं, घरात बोलणारी माणसं असतात, ऑटिझमसारखं दुसरं कारणही सापडत नाही, तरी भाषा शिकणं जड जातं. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत साधारण १४ मुलांमागे एकाला तो आढळला आहे. दोन भाषा कानावर पडल्यामुळे तो होत नाही. अडचण भाषा शिकण्याच्या क्षमतेतच असते, म्हणून ती असेल तर कन्नडमध्येही दिसते आणि मराठीतही. एकाच भाषेत मूल मागे असेल, तर बहुतेक वेळा ती भाषा त्याच्या कानावर कमी पडलेली असते.

तुमचा मुलगा "मला नीरु दे" म्हणत असेल तर काळजी करू नका. नीरु म्हणजे पाणी, शब्द कन्नड असला तरी वाक्य मराठीच्या नियमानं चाललंय. "माझा खुर्ची" म्हणत असेल तरी घाबरू नका. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात, आणि खुर्ची स्त्रीलिंगी, कंगवा पुल्लिंगी हे त्याला मराठीतून वेगळं शिकावं लागतं.

चुका मोजताना घरातली बोली माहीत असावी लागते. पन्हाळ्याकडची एक पाच वर्षांची मुलगी "मी आलो, मी जातो" म्हणायची, म्हणून तिच्या शाळेनं भाषा दोषाची चिठ्ठी देऊन तिला पाठवलं. तिची आई माझ्यासमोर बसून म्हणाली, "मी सांगतो तुम्हाला, घरात बडबड थांबत नाही हिची." आपल्याकडे कितीतरी बायका असंच बोलतात. पोरगी घरची भाषा अचूक शिकली होती. प्रमाण मराठीची मोजपट्टी लावल्यामुळे ती चुकीची ठरली.

याच्या उलट इचलकरंजीचा एक सहा वर्षांचा मुलगा. घरी भोजपुरी, वडील मागावर कामाला. "मराठी येत नाही म्हणून गप्प बसतो," असं म्हणत दोन वर्षं गेली. मी घरच्यांना त्याच्या गावाकडच्या आजीला फोन लावायला सांगितलं आणि आजीला विचारलं, याच्यापेक्षा लहान भावंडं कशी बोलतात? आजी म्हणाली, चार वर्षांचा चुलत भाऊ अख्खी गोष्ट सांगतो, याला गोष्ट ऐकूनही कळत नाही. मग मी त्याला कुठल्याच भाषेत नसलेले शब्द म्हणायला दिले: टबू, मिलोपा, गडुनेमी. तिसऱ्या अक्षरापुढे तो अडखळायला लागला. अशा एका खुणेवरून निदान होत नाही, पण आजीचं म्हणणं, ही चाचणी आणि पुढची तपासणी एकाच दिशेला गेली. ती दोन वर्षं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

फक्त मराठी बोलणाऱ्या घरातही हे होतं. तिथं "याचा बाप पण उशिरा बोलला" म्हणतात, वेखंड चाटवतात आणि मूल पहिलीत जातं. खरं तर घरात असा इतिहास असेल तर उलट लवकर यायला हवं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. आधी कानांची तपासणी करा. हाकेला ओ देतो म्हणून ऐकू नीट येतं असं धरू नका. मग त्याला येणारे सगळे शब्द दोन्ही भाषांतले मिळून लिहा. एकाच भाषेतले मोजले तर मूल उगाच मागे दिसतं. हातवारे न करता, तुमच्या भाषेत, "चप्पल घे आणि आजीला दे" असं सांगून त्याला किती कळतं ते बघा. येत असलेले शब्द गेले असतील किंवा तो बोट दाखवून काही मागत नसेल, तर एक आठवडाही थांबू नका.

थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, ते विचारा. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची मोफत तपासणी होते आणि त्यात भाषेचा विलंबही धरलेला आहे.

येताना मोबाईलवर दहा मिनिटं आजीशी खेळतानाचं आणि दहा मिनिटं वडिलांशी खेळतानाचं रेकॉर्डिंग आणा. शक्य असेल तर आजीलाच सोबत आणा. मला कन्नड कामापुरती येते. तो काय चुकतोय हे आजींना माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येईल.