आधी कागद सांगा, मग प्रिंटर सांगतो

प्रश्न : माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. निम्मे फोटो कृष्णधवल असतात. लॅबमधून आलेल्या कृष्णधवल प्रिंटवर कधी हिरवट, तर कधी जांभळट झाक दिसते. म्हणून घरीच ए३ पर्यंत छापावं म्हणतोय. टाकीवाला सहा शाईंचा प्रिंटर घेऊ की कार्ट्रिजवाला दहा शाईंचा? महिन्यातून चार-दोनच प्रिंट काढेन.

उत्तर : सगळं लिहिलंत, पण कागदाचं नावही नाही! चकचकीत कागदावर छापणार की कापसाच्या लगद्याच्या जाड मॅट कागदावर? अर्धा निर्णय तिथेच होतो. डाय शाई कागदाच्या थरात मुरते. चकचकीत कागदावर तिचा रंग खुलतो, पण काचेविना भिंतीवर टांगली तर उजेड आणि हवेतला ओझोन तो लवकर उडवतात. पिगमेंट शाईचे कण पृष्ठभागावर बसतात. मॅट कागदाला तीच शोभते आणि टिकतेही कितीतरी जास्त. चकचकीत कागदावर मात्र पिगमेंटची प्रिंट दिव्याखाली तिरकी धरून बघा. कोरा राहिलेला पांढरा भाग आणि शाई बसलेला भाग वेगवेगळे चमकतात. काहींच्या ते लक्षातही येत नाही, मला मात्र खुपतं.

आता तुमची झाक. लॅबच्या नेहमीच्या रंगीत फोटोपेपरमध्ये काळा रंग वेगळा नसतोच. सायन, मॅजेंटा आणि पिवळा मिळून करडा तयार होतो, त्यात एक जरा सरकला की फोटो हिरवा किंवा जांभळा. यावर उपाय म्हणजे करड्या शाया. एप्सनच्या टाकीवाल्या, मुख्यतः डाय शाईच्या ईटी-८५५० मध्ये करडी शाई एक आहे, त्यांच्याच दहा कार्ट्रिजच्या, पिगमेंट शाईच्या पी७०० मध्ये दोन. शिवाय पी७०० मध्ये कृष्णधवलसाठी वेगळा मोड आहे, त्यात रंगीत शाई अगदी नावापुरती लागते. कॅननच्या प्रो-३०० लाही दहा कार्ट्रिज लागतात, पण त्यातलं एक रंगाचं नाही, चमक सारखी करणाऱ्या पारदर्शक द्रवाचं असतं, आणि करडी एकच. म्हणून दहा हा आकडा बघून भुलू नका. निम्मं काम कृष्णधवल असेल तर मी पी७०० घेईन. त्यात मॅट कागदाची आणि चकचकीत कागदाची अशा दोन्ही काळ्या शायांना स्वतंत्र नोझल, म्हणजे शाई फेकणारी बारीक छिद्रं आहेत. जुन्या मॉडेलमध्ये कागद बदलला की काळी शाई बदलायची आणि त्यात शाई फुकट जायची.

ए३ हून जरा मोठा ए३ प्लस म्हणजे १३ बाय १९ इंच. तुमच्या २४ मेगापिक्सेल फोटोच्या लांब बाजूच्या ६००० पिक्सेलना १९ इंचांवर पसरलं तरी इंचाला ३०० च्या वरच पडतात, तेव्हा पिक्सेल कमी पडतील ही काळजी सोडा.

खरी काळजी आहे ती ‘महिन्यातून चार-दोन’ची. प्रिंटर नुसता पडून राहिला की नोझलच्या तोंडाशी शाई सुकते, मग हेड क्लीनिंग, म्हणजे नोझल असलेल्या हेडमधून शाई सोडून ती मोकळी करणं. त्यात सगळ्याच रंगांची शाई जाते आणि ती मेंटेनन्स बॉक्समध्ये साठते. तो भरला की नवा आणा. आठवड्याला एक छोटी रंगीत प्रिंट आणि नोझल चेक (सगळ्या नोझल चालतात का ते दाखवणारी रेघांची जाळी छापणं) एवढं करा. चेकच्या जाळीत एखादी रेघ तुटलेली दिसली तर एकदाच क्लीनिंग द्या, लागोपाठ पाच वेळा नको. प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या बटणानेच. भिंतीवरचं बटण थेट बंद केलं की हेड झाकलं न जाता उघडं राहू शकतं.

हे सांभाळणं जमणार नसेल, तर खऱ्या करड्या शाईने छापून देणारी चांगली लॅब शोधा. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. प्रिंटर बदलावा का?

उत्तर : मुळीच नाही! स्क्रीनचा उजेड कमी करा, चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास आणा. कारखान्यातून येताना तो बहुधा याच्या दुपटीहून जास्त असतो. ज्या कागदावर छापता त्याच कागदाची, त्याच प्रिंटरसाठीची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतात हे संगणकाला सांगणारी फाइल, वापरा. प्रोफाइल कागद आणि शाई या जोडीची असते. म्हणून दुसऱ्या कंपनीची शाई भरलीत तर ती प्रोफाइल निरुपयोगी. आणि प्रिंटचा निकाल यंत्रातून निघताक्षणी लावू नका. रात्रभर सुकू द्या, मग जिथे टांगणार तिथल्या उजेडात बघा. फ्रेमसुद्धा त्यानंतरच. ओलसर प्रिंट काचेआड गेली तर शाईतल्या द्रवाची वाफ काचेला आतून धुरकट करते, आणि मग फ्रेम पुन्हा उघडून काच पुसत बसावं लागतं.