स्वतः जोडलेला बास घूं करतो

प्रश्न : मी जॅझ प्रकारचा बास (गिटार) स्वतः जोडला आहे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवले की आवाज स्वच्छ. एक कमी केला की घूंऽऽ. तारांना हात लावला की कमी होतं. ऑर्केस्ट्रात दिव्यांच्या डिमरजवळ तर नकोसं होतं. वायरिंग चुकलं का?

उत्तर : नाही. दोन्ही पिकअप (तारांचं कंपन टिपणारी कॉइलं) एकमेकांविरुद्ध गुंडाळलेले असतात, म्हणून समान व्हॉल्यूमला ५० हर्ट्झचा हम (विजेचा घूं आवाज) परस्पर कटतो. हात लावून आवाज कमी होतो, म्हणजे ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. उणीव शिल्डिंगची, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या अस्तराची.

पिकअप आणि वायरिंग बसतं त्या पोकळीत आतून तांब्याची टेप लावा. तिचा गोंद वीजवाहक नसेल तर प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा टिपका द्या. कुठल्याही दोन तुकड्यांत मल्टिमीटरने १ ओहमच्या आत दाखवलं पाहिजे. मग टेपपासून एक वायर पॉटच्या (व्हॉल्यूम नॉबखालच्या भागाच्या) पाठीला. झाकणालाही आतून टेप हवी, कडेला टेकणारी. नेमकी हीच लावायची राहून जाते. जॅकची टिप (सिग्नलचं टोक) टेपला टेकली तर बास मुका होईल, तिथे इन्सुलेशन टेप लावा.

ट्रान्सफॉर्मरचा चुंबकीय हम मात्र तांब्याने थांबत नाही. दोन पावलं सरका, बास थोडा फिरवून पाहा. आणि हम जावा म्हणून अँपच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. अँपमध्ये दोष आला तर शॉक तुम्हाला बसेल, तारांवर हात तुमचे असतात.