निवडून आल्यावर काही महिन्यांतच नगरसेवक पक्ष बदलतात, तरी त्यांचं पद जात का नाही?

एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर जातं. त्यासाठी महाराष्ट्रात 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) कायदा आहे. पण दोन तृतीयांश सदस्य एकत्र गेले आणि दुसऱ्या पक्षात विलीन झाले, तर कायदा त्याला पक्षांतर मानत नाही. आमदार-खासदारांसाठीच्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातही हीच वाट आहे.

मुंबईचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2017 च्या पालिका निवडणुकीत 227 जागांपैकी शिवसेनेला 84 आणि भाजपला 82 मिळाल्या. मनसेचे सात जण आले. ऑक्टोबरमध्ये त्यांतले सहा शिवसेनेत गेले. मतदान होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. सातचे दोन तृतीयांश म्हणजे पाच, इथे तर सहा होते. म्हणजे पक्ष जितका लहान, तितका तो फोडणं सोपं.

मला राग येतो तो याचाच. त्या वॉर्डांत लोकांनी शिवसेनेच्या उमेदवाराला नाकारून मनसेच्या इंजिनावर शिक्का मारला होता, आणि पुन्हा मतदान न होताच त्यांचा नगरसेवक शिवसेनेचा झाला. 'निधी मिळत नाही, कामं अडतात' हे कारण नेहमी ऐकू येतं. त्यात तथ्य असेलही, पण मग राजीनामा द्यावा आणि नव्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवावी. तसं करायला कायदा कुणालाच अडवत नाही.

अपक्षांना मात्र ही पळवाट नाही. निवडणुकीनंतर अपक्ष आमदार एखाद्या पक्षात गेला, तर तो अपात्र ठरतो. म्हणून ते फक्त बाहेरून पाठिंबा देतात.