दोन गाण्यांमधली शांतता

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. हजारभर गाणी साठवलेली आहेत, तरी ‘ज्यांच्याशिवाय जगता येणार नाही असे अल्बम कोणते’ असं कुणी विचारलं आणि एकही नाव सुचलं नाही. मग रात्रभर मनात हेच की आपलं संगीतावर खरं प्रेम नाहीच की काय. प्रेमाची काळजी करू नकोस. सोबतची यादी मी नीट पाहिली. पाच-सहा सोडली तर सगळी गाणी एकेकटी आहेत, आपापल्या अल्बममधून उचलून आणलेली. एखाद्या अल्बमजवळ तू अजून राहून पाहिलेलं नाहीस, एवढंच मला त्यातून दिसलं.

माझी एक खूण सांगते. एक गाणं संपतं, पुढचं सुरू व्हायला दोन-तीन सेकंद असतात. त्या शांततेत पुढच्या गाण्याचा पहिला सूर माझ्या मनात आधीच लागलेला असतो. तेच गाणं दुसरीकडे कुठे सुटं वाजलं आणि त्यामागून भलतंच काही आलं, तर अंधारात पायरी चुकावी तसं होतं. असं ज्या अल्बमच्या बाबतीत होतं तो माझ्या आत गेला असं मी धरते. इतकी वर्षं ऐकून माझ्याकडे असे चारच आहेत.

त्याआधी ‘अल्बम’ या नावाविषयी थोडं. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावत. गौहर जान यांनी १९०२ साली गायलेल्या तबकड्यांवर आख्खा राग तेवढ्यात आवरलेला आहे आणि वर शेवटी स्वतःचं नाव सांगायलाही त्यांनी जागा ठेवली आहे. मोठी रचना असली की तिचे तुकडे करून अनेक तबकड्या भराव्या लागत. त्या सगळ्या मग जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, कागदी खिशांमध्ये घालून विकायच्या, फोटो लावायच्या वहीसारख्या. म्हणून अल्बम. १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली, आणि वही गेली तरी नाव टिकलं.

ही वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात. माणूस एका बैठकीत, न उठता, पूर्ण लक्ष देऊन जेवढं ऐकू शकतो साधारण तेवढीच ती आहेत.

उस्ताद अमीर खाँ यांची एक लाँग प्ले आहे. एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला राग दरबारी. तुझ्याच वयाची असताना ती पहिल्यांदा ऐकली आणि मला ती सहन झाली नाही. अतिविलंबित, म्हणजे फार संथ झुमरा ताल, चौदा मात्रांचं आवर्तन संपता संपत नाही. सूर एकेक करून पुढे येतो, आणि ज्या षड्जावर, म्हणजे मूळच्या ‘सा’वर, येऊन टेकावं असं कानाला सारखं वाटतं, तिथे गवई येतच नाही. मारव्याचा स्वभावच तो. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र; षड्जाला वळसा घालून रिषभ-धैवतावर, म्हणजे ‘रे’ आणि ‘ध’वर, रेंगाळत राहायचं. हा माणूस मला मुद्दाम ताटकळत ठेवतोय असं वाटून मी बाजू अर्धी टाकून उठले होते.

काही महिन्यांनी पुन्हा लावली, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून. मग आणखी एकदा. त्या तिसऱ्या वेळी बंदिशीचे शब्द कानावर पडले, म्हणजे तोवर पडत होतेच, पण ऐकू आले: ‘पिया मोरे अनत देस’. प्रिय माणूस दूर परक्या मुलखात. आणि एकदम उमगलं की षड्ज एवढा लांब का. ज्याचं माणूस घरी नाही, त्याला घरी येऊन टेकता येईल कसं? त्यानंतर षड्ज लागला, तेव्हा मी किती वेळ श्वास धरून बसले होते ते तो सोडल्यावर कळलं. अर्धी बाजू ऐकून उठणाऱ्या मुलीच्या वाट्याला हे कधीच आलं नसतं. दरबारीवर आज लिहीत नाही, तिला वेगळं पत्र लागेल.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पहिल्या ऐकण्यात न आवडलेल्याला घाईने निरोप देऊ नकोस. मी तीन वेळा ऐकते. तिसऱ्यांदाही काहीच हललं नाही तर खुशाल बाजूला ठेवते, मग तो जगाने कितीही वाखाणलेला असो. तिथे भीड धरायची नाही.

दुसरं, क्रम. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तुझ्या यादीत आहे, पण त्यातला एकटा पहाडी राग. १९६७ सालचा हा अल्बम शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांनी मिळून एका मेंढपाळाचा दिवस उभा करतो. सकाळ अहिरभैरवात उजाडते, संध्याकाळ भूपात उतरते, पहाडी अगदी शेवटी येतो. तू शफल लावून ऐकतेस तेव्हा त्या बिचाऱ्याची रात्र सकाळच्या आधी होते. पहाडी सुटाही गोड आहेच, कुणी नाही म्हणेल? पण दिवसभराच्या चालण्यानंतर तो येतो तेव्हा त्यात थकवा असतो, आणि तो थकवा त्या सुरांमध्ये कुठेही वाजवलेला नाही. आधीच्या अर्ध्या तासाने तो तुझ्या अंगात भरलेला असतो.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची गंमत वेगळी. १९५९ साली, २ मार्च आणि २२ एप्रिल, अशा दोन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. वादकांच्या हाती जेमतेम आराखडे होते, बाकी सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. त्याच्या पहिल्या बाजूचा वेग मात्र यंत्राच्या दोषामुळे किंचित चढा राहिला होता आणि सूरही त्याबरोबर चढलेले. १९९२ साली ते दुरुस्त झालं. मी चढ्या सुरातला ऐकून वाढले. दुरुस्त झालेला पहिल्यांदा ऐकला तेव्हा बरोबर असूनही परका वाटला, महिनाभर लागला त्याच्याशी जुळायला. आपण प्रेम करतो ते आपल्या कानांवर आलेल्या त्या अमुक एका आवाजावर. तुझा अल्बम तुला कुठल्या साध्या इअरफोनमधून भेटला तर त्याची लाज वाटू देऊ नकोस.

आता चौथा. ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने जर्मन संगीतकार बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना दोनदा ध्वनिमुद्रित केली. पहिल्यांदा १९५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी. सगळं मिळून जेमतेम अडतीस मिनिटांत, चपळ, झगझगीत. दुसऱ्यांदा १९८१ साली, आणि तेव्हा त्याच सुरांना एक्कावन्न मिनिटं लागली. पुढच्याच वर्षी तो गेला. तुझ्या वयात मला पहिलंच खरं वाटायचं, दुसरं ओढूनताणून संथ केल्यासारखं. मग माझी आई गेली. त्या वर्षी मला कुणाचंही गाणं ऐकवेना. शब्द नको होते, माणसाचा आवाज नको होता. रात्री फक्त हा दुसरा गूल्ड चालायचा. रचना एका साध्या संथ सुरावटीने सुरू होते, मग तिचीच तीस रूपं, आणि शेवटी तीच सुरावट पुन्हा, एकही स्वर न बदलता. सुरुवातीला ती नुसती सुंदर असते. शेवटी ती परत येते तेव्हा मधली तीसही रूपं तिच्यात ऐकू येतात. त्या रात्री मी शेवटच्या त्या तीन-चार मिनिटांसाठी आख्खा अल्बम ऐकायचे. थेट शेवटावर जाऊन पाहिलं होतं एकदा. काहीच झालं नाही.

त्यामुळे माझे चार तुझे व्हावेत असं मला मुळीच वाटत नाही. बाविसाव्या वर्षी माझेही हे नव्हते.

एक महिना असं करून पाहा. कुठलाही एकच अल्बम घे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फोन दुसऱ्या खोलीत. त्याच्याविषयी आधी काही वाचू नकोस, ते नंतर. लक्ष भरकटलं तर भरकटू दे, पण पुढे ढकलू नकोस आणि मागेही जाऊ नकोस. आवडलेलं गाणं लगेच पुन्हा लावायची इच्छा होईल. ती पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेव.

कुठला घ्यायचा, असं विचारशील. तुझ्या यादीत एका अल्बमची चार गाणी आहेत, एवढी दुसऱ्या कुठल्याच नाहीत. मी शोधून पाहिलं, त्यात एकूण नऊ आहेत. तू वगळलेल्या पाचांपैकी तिसरं गाणं मला फार आवडलं, आणि ते संपल्यावर तुझं लाडकं चौथं जसं येतं ते तुला अजून माहीतच नाही. तिथून सुरुवात कर. महिन्याने मला पत्र लिही, आणि नवव्या गाण्याचं काय झालं ते विसरू नकोस. मला ते अजून नीटसं उलगडलेलं नाही.

तुझी,
मावशी