पावसाळ्यात विचारा, दिवाळीनंतर नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यातून पुरातत्त्वात एम.ए., 2010 पर्यंत तीन हंगाम उत्खननावर, मग मुलं, सासऱ्यांचं आजारपण आणि गेली चार वर्षं मडगावच्या शाळेत इतिहास. आता वय 43. पगारी काम परत मिळेल का, त्यासाठी नवा डिप्लोमा करावा लागेल का आणि मधल्या वर्षांचं काय सांगायचं, हे तुम्ही विचारलंय. घरचे म्हणतात, हौस म्हणून कर.

काम मिळेल. फक्त तुम्ही डोळे लावून बसला आहात त्या ट्रेंचवर, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यावर, ते पहिल्या वर्षी मिळणार नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे हे कोण बोलतंय ते कळेल. मी 2005 साली हे क्षेत्र सोडलं. हंगामाचे पैसे हंगामानंतर सहा महिन्यांनी मिळायचे, घरी आई-वडील म्हातारे, आणि डिचोली तालुक्यातल्या एका खाणीत सर्व्हे विभागात दर महिन्याच्या पगाराची नोकरी चालून आली. सात वर्षं टोटल स्टेशन, म्हणजे जमीन मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, घेऊन लोहखनिजाचे ढीग मोजले. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आमच्यासारखे हजारो लोक घरी बसले. मग मेव्हण्याच्या फोंड्यातल्या टाइल्सच्या दुकानात गल्ल्यावर. 2018 च्या पावसाळ्यात परतलो. तेरा वर्षं.

परतण्याआधीचे दोन हिवाळे मीही तुमच्यासारखाच अर्ज करत होतो, नोव्हेंबरात, ‘उत्खननावर काम हवं’ असं लिहून. उत्तरसुद्धा आलं नाही. का, ते नंतर कळलं. आपल्याकडे खोदकाम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मे महिन्यात वळवाच्या पहिल्या सरींबरोबर गुंडाळावं लागतं. ट्रेंचवर कोण उभं राहणार हे गणेश चवथीच्या आसपासच ठरून गेलेलं असतं. संस्थेची स्वतःची माणसं, डिप्लोमाचे विद्यार्थी, कुणाच्या तरी हाताखाली पीएच.डी. करणारी मुलं. ती फुकटात किंवा विद्यावेतनावर येतात. त्यांच्याशी स्पर्धा करून आपण जिंकणार नाही, आणि जिंकून मिळणार काय तर उन्हात उकिडवं बसणं.

पण जूनमध्ये ही सगळी मुलं पांगतात, आणि चार महिन्यांत निघालेली खापरं पोत्यांत भरून शेडमध्ये पडून राहतात. धुणं, वाळवणं, क्रमांक घालणं, काठ-बूड-अंग वेगळं करणं, मोजणं, रेखाटणं, तक्ते भरणं, सेक्शन, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीतल्या थरांचं चित्र, शाईत उतरवणं. एका महिन्याच्या खोदकामामागे हे काम कित्येक महिने पुरतं आणि कुणालाच ते नको असतं, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत. अहवाल वर्षानुवर्षं अडतात ते इथेच. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यासाठी थोडे का होईना पैसे असतात, आणि बसून, नीट, न कंटाळता करणारा माणूस सापडत नाही. तुम्ही तो माणूस आहात. म्हणून जून-जुलैत विचारा, आणि विचारताना ‘काम आहे का’ असं न विचारता ‘तुमची कुठल्या वर्षाची खापरं अजून रेखाटायची राहिली आहेत’ असं विचारा. समोरचा माणूस जरा ओशाळतो, मग खरं बोलतो.

माझा पहिला दिवस सांगतो. पत्र्याची शेड, बाहेर धो धो पाऊस, आत पंख्याखाली ट्रेमध्ये खापरं, आणि ती तीन-तीन दिवस वाळतच नव्हती. दमट खापरावर घातलेला शाईचा क्रमांक पसरत होता. तिथल्या मुलीला म्हटलं, रंगहीन नेलपॉलिश आण. आधी एक हात, त्यावर क्रमांक, वर आणखी एक हात. ती म्हणाली, काका, हे कुठे शिकलात? 1998 साली शिकलो होतो. मग रेखाटनाला बसलो. तुम्हाला आठवत असेल, भांड्याचा काठ टेबलावर उलटा ठेवायचा आणि खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत हलकेच मागेपुढे करायचा. उजेड बंद झाला की तोच भांड्याचा खरा कल. मग वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून व्यास. तेरा वर्षांनी हातांना ते आपोआप आलं. आलं नाही ते डोळ्यांना. आलेखाच्या कागदावरची मिलिमीटरची रेघच दिसेना. त्या दिवशी सात काठ काढले, त्यांतले तीन चुकले. चष्मा करून आणल्यावर पंधरवड्याने दिवसाला तीस होऊ लागले.

मातीची नजरही जात नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच लोकांनी मला ट्रेंचवर बोलावलं, तेसुद्धा खाणीत टोटल स्टेशन वापरलं होतं म्हणून. सव्वीस वर्षांचा पर्यवेक्षक सेक्शनसमोर डोकं धरून बसला होता. आपली जांभ्याची माती तुम्हाला ठाऊकच आहे. वरपासून खालपर्यंत सगळं लालच लाल, त्यात वाळवीची बिळं आणि काजूची मुळं. वाळली की थर दिसत नाहीत. फवारणीच्या पंपाने सेक्शन ओला केला आणि दोन मिनिटं थांबलो. चिऱ्यांच्या चुऱ्याचा पट्टा फिकट उठून आला. शेजारी घमेलं घेऊन उभा असलेला कामगार शांतपणे म्हणाला, ‘बाब, हांगा माती वेगळी लागता.’ त्याने ते ओला करायच्या आधीच पायाने ओळखलं होतं. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

आता पैसे कुठे आहेत ते. गोव्यात जागा मोजक्याच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं गोवा मंडळ जुने गोव्यात, राज्याचं पुरातत्त्व खातं पणजीत, आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्व. गोव्याजवळच्या समुद्रात सुंची रीफ या खडकावर बुडालेल्या जहाजातल्या तोफा आणि हस्तिदंत त्यांनीच वर काढले. या संस्थेत प्रकल्पांवर भरती होते, पण प्रोजेक्ट असोसिएटला वयोमर्यादा साधारण 35 असते. महिलांना सवलत धरूनही तुमचं बसत नाही, तेव्हा त्यात जीव अडकवू नका. राज्य सरकारच्या जागांसाठी कोकणीचं ज्ञान अनिवार्य आणि 15 वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तलाठ्याकडे खेपा घालायला वेळ नसतो.

ज्याचा कुणी विचार करत नाही ते काम वास्तुविशारदांकडे आहे. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात 2010 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर बांधकामाला बंद, आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीच्या कक्षेत. त्या पट्ट्यात कुणाला घर दुरुस्त करायचं असलं तरी अर्ज, नकाशे, छायाचित्रं, जागेचं वर्णन लागतं. शिवाय जुनी घरं, चॅपेल, देवळांचे जीर्णोद्धार. तिथे काम सुरू होण्याआधी कुठली भिंत कुठल्या काळातली, चुना कुठे आणि सिमेंट कुठे, हे पाहून लिहून देणारा माणूस हवा असतो. बऱ्याच कार्यालयांत असा माणूस नाही. माझं निम्मं उत्पन्न आज यातून येतं. यात उत्खनन नाही म्हणून नाक मुरडणारे आहेत, त्यांना मुरडू द्या.

डिप्लोमा मला विचाराल तर नको. दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवून पदवी तीच, खंड तेवढाच. त्याऐवजी दोन गोष्टी. एक, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिका. फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं, आणि आता प्रत्येक ठिकाणी नकाशा त्यातच मागतात. आपल्या काळची प्लेन टेबल आणि डम्पी लेव्हल ही मोजणीची साधनं संग्रहालयात गेली. ड्रोन शिकायच्या मागे लगेच लागू नका. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा, वर मोपाचा दुसरा विमानतळ, त्यामुळे उड्डाणाच्या परवानगीतच हंगाम निघून जातो. दुसरं, नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे आणि सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही. पास झालात तर शाळेऐवजी महाविद्यालयात तासिकेवर शिकवता येईल. नाही झालात तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांचं वाचून होतं, आणि तुम्हाला खरी उणीव आहे ती त्या वाचनाची.

मधल्या वर्षांचं दोन ओळींत लिहा, खरं लिहा आणि पुढे चला. ‘2010 ते 2021 कौटुंबिक जबाबदारी, त्यानंतर माध्यमिक शाळेत इतिहास अध्यापन.’ बस. माफी मागू नका. मी सुरुवातीला खाणीतली वर्षं लपवली, कारण पुरातत्त्ववाल्यांना खाण म्हटलं की अंगावर काटा येतो. पण मला ट्रेंचवर नेलं ते त्याच सात वर्षांनी. चार वर्षं चाळीस-चाळीस मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाईला नोंदवही नीट ठेवता येते हे मी कुणाला पटवून द्यायची गरज नाही.

नोंदीचं महत्त्व किती, ते जुने गोव्यातल्या संत ऑगस्टिनच्या भग्न मठात दिसलं. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष तिथल्या सभागृहात एका ठरावीक खिडकीपाशी ठेवले होते, असं जुन्या पोर्तुगीज कागदात होतं. त्यावरून माग काढत 2005 च्या सुमाराला तिथे हाताचं हाड मिळालं, पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि 2021 मध्ये अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला गेला. हाड कुठे मिळालं याची नोंद नसती तर ते नुसतंच एक हाड राहिलं असतं. आपल्या आम्लधर्मी मातीत हाडं एरवी टिकतही नाहीत, हे वेगळं.

एक धोक्याची सूचना. हातात काम नसताना स्वतःचा ‘प्रकल्प’ काढायचा मोह होतो. उसगाळीमळला, कुशावती नदीच्या काठच्या कातळचित्रांपाशी जाऊन बसा, जांभ्यावरचे बैल आणि ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ वहीत रेखाटा, हात सुटेल. पण रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका. मी चांगल्या शिकलेल्या लोकांना हे करताना पाहिलंय. चांदरला, त्या जुन्या राजधानीच्या गावी, शेतात खापर दिसलं तरी उचलून पिशवीत टाकू नका. आणि कुणी भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हणाला, ‘माझ्याच जमिनीत आहे, खणून बघूया,’ तर चहा पिऊन परत या. परवान्याशिवाय खणलेलं एक फूट तुमचं नाव कायमचं घालवेल.

फुकट काम करू नका. पहिले आठ दिवस हात बसवायला म्हणून ठीक, त्यानंतर दर ठरवा. माझे पहिल्या वर्षीचे चार महिन्यांचे पैसे एका कार्यालयात अडकले, कारण सगळं तोंडी होतं. साहेब बदलले, नव्या साहेबांना मी कोण हेच माहीत नाही. शेवटी अर्धेच मिळाले. तेव्हापासून कोऱ्या कागदावर का होईना, किती दिवस, काय दर, येण्याजाण्याचं कोण देणार, टीडीएस किती कापणार आणि रेखाटनाखाली नाव कुणाचं, हे लिहून सही घेतो. नावाचा मुद्दा पैशाइतकाच महत्त्वाचा. छापील अहवालात ‘रेखाटन’ म्हणून तुमचं नाव आलं की पुढच्या कामाला दुसरी शिफारस लागत नाही.

घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बायकोला सांगितलं होतं की दोन वर्षं दुकानाएवढे पैसे येणार नाहीत, आणि ते खरं ठरलं. तिसऱ्या वर्षी आले.

आता जूनचा पहिला आठवडा आहे, म्हणजे वेळ बरोबर आहे. शाळा सुरू होईल, पण शनिवार-रविवार आणि चवथीची सुट्टी धरून सुरुवात करता येईल. जाण्याआधी जवळच्या वाचनाचा चष्मा करून घ्या. आणि काठाचा आकार कागदावर उतरवायला तो बारीक दातांच्या कंगव्यासारखा साचा लागतो ना, तो पुण्याहून मागवत बसू नका. नळाभोवती टाइल कापताना फरशीवाले तोच वापरतात. कुठल्याही टाइल्सच्या दुकानात विचारा. प्लास्टिकचा नको, त्याचे दात रुंद असतात, स्टीलचा घ्या.